सामान आधी निघालं

विषुववृत्ताजवळ ऊस बारा महिने तोडतात.

शिलाई मशीन आडवं ठेवू नये. तेल नको तिथं उतरतं.

साखरेच्या पोत्यांची थप्पी भिंतीपासून हातभर लांब लावतात. भिंतीची ओल पोत्यांना लागत नाही आणि मधून माणूस फिरू शकतो.

माण तालुक्यात दहिवडीकडं एक मेंढपाळ होता, तो मेंढरं कधी मोजत नसे. संध्याकाळी कळप आला की नुसता बघायचा आणि म्हणायचा, "एक कमी हाय." निघायचंही एक कमी.

साताऱ्यातल्या एका शाळेचा गणवेश येत्या जूनपासून बदलणार होता.

जायचा मुहूर्त आज आहे आणि जाणं जमत नाही, तर रुमालात तांदूळ, सुपारी आणि आपला एखादा कपडा बांधून ते गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवावं. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला. मग सवडीनं निघताना गाठोडं उचलावं आणि मागं न बघता वाटेला लागावं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात.

आता हे सगळं एका जागी आणायचं तर अनसूयाबाईंच्या पंचांगापासून सुरुवात करावी लागेल.

*

सांगलीत विश्रामबागेत गंगाधरपंत आणि अनसूयाबाई राहतात. त्यांचा एकुलता एक मुलगा राजस केनियात किसुमूजवळच्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट. नऊ वर्षं झाली. त्याची बायको श्रद्धा साताऱ्याची, तीही तिकडंच. कारखान्याच्या वसाहतीत शाळा होती. त्या शाळेचे गणवेश श्रद्धा शिवायची. एक साधं मशीन, एक कापडाच्या कडा पक्क्या करणारं ओव्हरलॉकचं, आणि मदतीला दोन बायका.

गेल्या दिवाळीत ठरलं की आता परत यायचं. अनसूयाबाईंनी पंचांग उघडलं. त्यांच्या हिशेबानं घर सोडायला माघातला एक दिवस फार चांगला होता; पुढं बराच काळ तसा दिवस नव्हता. राजस म्हणाला, "आई, माझ्या जागी दुसरा केमिस्ट आल्याशिवाय मला सोडणार नाहीत."

"तू नको निघू. सामान त्या दिवशी निघू दे," अनसूयाबाई फोनवर म्हणाल्या. "प्रस्थान ठेवल्यासारखं. तू मागून ये."

इतर कुणी असतं तर हसलं असतं. पण या घरात गंगाधरपंतांनी पहिली नोकरी धरली तेव्हा त्यांची वळकटी चार दिवस शेजारी पडून होती. राजस पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याचा एक शर्ट खालच्या मजल्यावरच्या लालासाहेबांकडं ठेवला होता. लालासाहेब पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, दहिवडीकडचे. ते म्हणायचे, "वहिनी, तुमच्या घरच्यांची कापडं आमच्याकडं इतकी येत्यात, मी एक ट्रंकच रिकामी ठिवलीया."

तर त्या दिवशी किसुमूला एक कंटेनर दारात आला. पलंग, कपाटं, फ्रिज, भांडी, दोन मशीनं, सगळं त्यात गेलं. भाडं कारखाना देणार होता, म्हणून कागद राजसच्या नावानं. श्रद्धा पॅकिंगवाल्यांबरोबर उभी होती. अनसूयाबाईंनी व्हिडिओवर सगळं बघितलं, कंटेनरच्या दाराला लांबूनच नमस्कार केला आणि विचारलं, "राजस दिसत नाही तो?"

"ड्यूटीवर आहे, आई."

"असू दे, असू दे. काम आधी."

पुढच्या आठवड्यात श्रद्धा विमानानं आली आणि सांगलीत सासरी उतरली. घर रिकामं झालं होतं, आणि साताऱ्याच्या शाळेचं बोलणं तिला स्वतः करायचं होतं. तिचा भाऊ इंद्रजित याची साताऱ्यात गोडोलीत दुकानाच्या वर एक लांब खोली होती. शाळेनं तिच्याकडून नमुना शिवून घेतला होता आणि त्यांना तो आवडला होता. मशीनं आली की काम सुरू. राजस कंपनीच्या गेस्टहाऊसवर राहायला गेला.

"सीझन संपला की येतो," तो म्हणाला.

*

सयाजीचा निरोप: *डबा उतारला. निवांत ऱ्हावा. पाशपोर्ट धाडा.*

सयाजी हा न्हावा शेवाला कस्टमची कामं करणारा माणूस. लालासाहेबांच्या गावचा, त्या मेंढपाळाचा मुलगा. लालासाहेबांनीच त्याचा नंबर दिला होता. गंगाधरपंतांनी फोन स्पीकरवर टाकला.

"डबा म्हणजे काय हो?"

"कंटेनर, काका. हितं समदी डबाच म्हंत्यात. आता तुमच्या चिरंजीवाचा पाशपोर्ट धाडा. भारतात उतरल्याचा शिक्का असलेलं पान पायजे, बाकी समदं माझ्यावर सोडा."

"शिक्का अजून नाही. तो यायचाय."

पलीकडं क्रेनच्या आवाजावर सयाजी ओरडला.

"आवं काका, सामान आलं आन् मानूस न्हाई?"

"मुहूर्त होता," गंगाधरपंत म्हणाले.

"कस्टमला मुहूर्त कसा सांगू मी? लय कारणं ऐकली आजवर. पाशपोर्ट हरावला, नवराबायकूत भांडान लागलं, कुनाचा सासरा वारला. मुहूर्त पैल्यांदाच!"

मग त्यानं समजावून सांगितलं. परदेशात राहून परतणाऱ्या माणसाला घरचं वापरलेलं सामान आणायला करात सवलत असते. सामान आधी आलं तरी चालतं, पण माणसानं दोन महिन्यांच्या आत मागोमाग उतरायला पाहिजे. न उतरला तर सवलत गेली, आणि मग ते सामान कुणाचं, कशासाठी आणलं, इथपासून सुरुवात.

"म्हणजे हे सरकारी प्रस्थानच झालं की," गंगाधरपंत खुशीत म्हणाले. "आपल्यात प्रस्थान पाच दिवस चालतं, त्यांच्यात दोन महिने."

स्वयंपाकघरातून अनसूयाबाई म्हणाल्या, "बघा. सरकारलाही माहीत आहे."

*

सयाजीचा निरोप: *डबा बंदरातून यार्डात हालवला. काळजी नको.*

सयाजीचा निरोप: *डबा बोटवाल्या कंपनीचा हाय. आपला न्हाई. त्यो अडकवून ठिवला की भाडं चढतंय. सामान काढून गोदामात टाकू का. काकांनी सांगावं.*

गोदाम हा शब्द वाचला आणि गंगाधरपंत खुर्चीतून उठले. सहकारी साखर कारखान्यात त्यांनी उभी नोकरी गोडाऊन कीपर म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडं कुणी गोदामाचा विषय काढला नव्हता.

"कसलं गोदाम?" त्यांनी ताबडतोब फोन लावला.

"बाँडचं, काका. म्हंजी सरकारी कुलपातलं. सामान तितं ऱ्हातं, कर भरला की सुटतं. तवर डबा रिकामा करून बोटवाल्यांना माघारी. एक महिन्याची परवानगी मिळती, आर्ज केला की वाढवून मिळती."

"पत्रा कसला आहे? गळतो का?"

"आं?"

"खाली फळ्या टाकतात की थेट जमिनीवर? समुद्राकाठची जमीन आहे, ओल धरते. थप्पी भिंतीपासून किती लांब असते? घुशी?"

"काका," सयाजी म्हणाला, "तुमी हितं नोकरीलाच या. मी गावाकडं जातो मेंढरं राखाय."

पण परवानगीचा अर्ज गंगाधरपंतांनी स्वतः बसून तयार करवला, राजसची सही मेलवर मागवली, आणि सामान गोदामात गेलं त्या दिवशी अनसूयाबाईंनी शिरा केला. श्रद्धानंही खाल्ला. सासरा इतका रमलेला तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितला होता. रोज सकाळी चहाबरोबर गोदाम. दुपारी लालासाहेबांकडं गोदाम. सामान त्यांच्या दृष्टीनं शेजारच्या घरी ठेवलेलंच होतं. फक्त शेजार जरा लांबचा होता आणि दाराला सरकारी कुलूप होतं.

*

सीझन या शब्दाबद्दल.

सांगली-साताऱ्याकडं सीझन म्हणजे दिवाळीच्या सुमाराला पेटलेला बॉयलर आणि होळीच्या मागंपुढं विझलेला बॉयलर. ऊस संपतो, तोडकऱ्यांच्या बैलगाड्या गावाकडं वळतात, एके दिवशी सकाळी चिमणीतून धूर दिसत नाही आणि माणसं एकमेकांना सांगतात, पट्टा पडला. सोयरीक, घराचा स्लॅब, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं पट्टा पडल्यावर. कारखान्यातला माणूस सीझन संपल्यावर येतो म्हणाला, तर त्यापुढं विचारण्यासारखं काही राहत नाही.

यंदाही तसंच झालं. फलटणकडचा पडला, कराडकडचा पडला, गंगाधरपंतांच्या जुन्या कारखान्याचाही पडला. राजसचा रविवारी फोन यायचा.

"ऊस भरपूर आहे बाबा, अजून चालूच आहे."

"चालायचंच. ऊस शिल्लक असताना पट्टा कसा पाडतील? तू सावकाश ये."

श्रद्धा हे ऐकत पोळ्या लाटायची. नऊ वर्षं ती त्या चिमणीखाली राहिली होती. तिकडं हिवाळा नाही, उन्हाळा नाही. ऊस सतत वाढतो, सतत तोडला जातो, आणि कारखाना वर्षातून एकदा दुरुस्तीपुरता थांबतो. यंदा तो जानेवारीतच थांबून पुन्हा सुरू झालेला. 'सीझन संपला की' या वाक्याला किसुमूत काहीच अर्थ नव्हता. राजसला हे ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. तो हे वाक्य सांगलीसाठी वापरत होता, आणि सांगलीत ते नाण्यासारखं चालत होतं.

ती बोलली नाही. कारण एवढं एक वाक्य खोडलं की पुढचं विचारलं जाणार होतं: मग तो येत का नाही? त्याचं उत्तर तिच्याकडंही पुरतं नव्हतं. भांडण नव्हतं. दुसरी बाई नव्हती; असती तर सांगायला सोपं गेलं असतं. राजसला तिथं बरं वाटत होतं, आणि तिच्याशिवाय वाईट वाटत नव्हतं.

इंद्रजितचा फोन यायचा. "ताई, शाळेवाले विचारतायत. मेच्या पहिल्या आठवड्यात कापड ताब्यात देतो म्हणाले. तुझी मशीनं कुठवर आली?"

"गोदामात आहेत."

"म्हणजे जवळ आलीत."

"हो. जवळ आलीत."

सयाजीनं एकदा थट्टेत म्हटलं, "वैनी, बेस जोडी हाय. सामान गोदामात पडून आन् तुमी सांगलीत. दोगांचाबी आर्ज काकाच भरत्यात." आणि स्वतःच खो-खो हसला. श्रद्धाही हसली. फोन ठेवल्यावर तिला ते वाक्य आठवत राहिलं, दुपारभर.

*

सयाजीचा निरोप: *काकांनी मागिटल्याप्रमानं फोटू. थप्पी येकदम टापटीप.*

गंगाधरपंतांनी चष्मा बदलला. फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितला.

"फळ्या आहेत. चांगलं आहे. पण भिंतीला चिकटवलंय लेकानं. कपाट बघ, भिंतीला घासतंय."

श्रद्धा कपाटाकडं बघत नव्हती. कपाटाखाली एक लाकडी पेटी होती. तिच्यावर तिनं स्वतः लाल रंगानं वर जाणारे बाण काढले होते. बाण आता आडवे होते. पेटीच्या कडेला, सिमेंटवर, हाताच्या पंजाएवढा काळा डाग.

"बाबा, ते ओव्हरलॉक आहे."

"कुठलं?"

"ती पेटी. आडवी पडलीय. तेल गळतंय."

गंगाधरपंतांनी फोटो आणखी जवळ घेतला. "हं. बाण काढलेत तरी आडवी. हमाल जिकडंतिकडं सारखेच." मग समजुतीनं म्हणाले, "सयाजीला सांगतो उभी करायला. आणि आता किती दिवसांचा प्रश्न आहे? तिकडं पट्टा पडला की—"

"तिथं पट्टा पडत नाही, बाबा."

तिनं हे मोठ्यानं म्हटलं नव्हतं. तरी अनसूयाबाई स्वयंपाकघरातून हातातला झारा घेऊन दारात आल्या.

"पडत नाही म्हणजे?"

"बारा महिने ऊस असतो. कारखाना बंदच होत नाही."

गंगाधरपंतांनी फोन टेबलावर ठेवला. त्यांना आधी त्यांच्या धंद्यातलाच प्रश्न सुचला. "मग बॉयलर कधी धुतात?"

"वर्षातून एकदा. तीन आठवडे."

"कधी?"

"यंदा जानेवारीत झालं."

"जानेवारी," गंगाधरपंत म्हणाले. "म्हणजे सामान निघायच्या आधी."

"हो."

"आणि परत पुढच्या जानेवारीत."

"हो."

कढईतलं तेल तापून धूर यायला लागला तेव्हा अनसूयाबाई आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला. त्या दिवशी भजी झाली नाहीत.

*

सयाजीचा निरोप: *वैनी, तुमच्या परश्नाचं उत्तर. व्हय, नाव बदलता येतं. तुमीबी तितं ऱ्हायलाय, तुमच्या पाशपोर्टावर शिक्का हाय. साहेबांचं पत्र पायजे, माजी हरकत न्हाई म्हणून. कंपनीचंबी. पर काका काय म्हंत्यात.*

तिनं काकांना विचारलं नाही. गच्चीवर गेली आणि राजसला फोन लावला. खाली लालासाहेब कुणाला तरी गाडी मागं घ्यायला मदत करत होते. येऊ द्या, येऊ द्या, बास!

"सामान माझ्या नावावर करून घेते," ती म्हणाली. "तुझं पत्र लागेल."

"अगं पण मी येणारच आहे ना."

"कधी?"

"बघतो. सध्या माझ्या जागी रिलीव्हर—"

"राजस, मी सांगलीची नाही. मी त्या वसाहतीत राहिलेय."



"त्यांना सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"पट्टा पडत नाही एवढं सांगितलं."

"बाबा काय म्हणाले?"

"बॉयलर कधी धुतात ते विचारलं."

राजस हसला. मग तीही हसली. बऱ्याच दिवसांनी दोघं एका वेळी हसले, आणि ते तिला त्या क्षणी नको होतं.

"तिकडं येऊन मी काय करू, श्रद्धा? बाबांच्या ओळखीनं कुठल्यातरी कारखान्यात, वर्षातले सहा महिने काम, सहा महिने पंचांग?"

"हे त्यांना सांग."

"तू सांग ना. तुझ्याकडून त्यांना—"

"नाही. माझं मी सांगितलंय. तुझं तू सांग. मला फक्त पत्र दे."

"आणि तू?"

"मला जूनच्या आत गणवेश शिवायचेत."

रिलीव्हरचा प्रश्न पाच महिने सुटत नव्हता. पत्र मात्र रात्रीची भाजी शिजायच्या आत आलं, सही नीट, तारीख नीट. कंपनीचं दुसऱ्या दिवशी दुपारी आलं.

*

राजसनं आईला फोन केला की नाही, हे श्रद्धानं विचारलं नाही. केला असावा. अनसूयाबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी श्रद्धाला मेथी निवडायला बोलावलं.

"प्रस्थान ठेवलं आणि माणूस निघालाच नाही, तर गाठोड्याचं काय करायचं? हे मी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "काल गणपतीच्या देवळातल्या गुरुजींना विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, असं होत नाही."

मेथीच्या जुडीतून त्यांनी गवताची एक काडी काढून बाजूला टाकली.

"त्यांना काय जातंय म्हणायला. म्हणून मीच ठरवलं. गाठोडं ज्याच्या नावाचं, तो आलाच नाही, तर त्याचं नाव काढून टाकायचं. तू तर आलीयस. आलेल्या माणसाचं सामान, त्यात काय अडलं? तुझ्या नावावर होऊ दे."

"झालंय, आई. अर्ज दिलाय."

अनसूयाबाईंनी मान वर केली. रागावतील असं श्रद्धाला वाटलं.

"मला विचारायच्या आधीच?"

"हो."

"बरं केलंस. मी नाही म्हटलं असतं." मग पुन्हा खाली बघून, "पण इथं नको गं आणू ते. या दारातून नको. त्याचं सामान त्याच्याआधी घरात आलं, की मग मी कशाची वाट बघू?"

"साताऱ्याला नेते. गोडोलीत. इंद्रजितच्या खोलीत."

"ने. मशीनं तिथंच लागणार ना तुला?" थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आणि तू? तूही तिथंच?"

"हो."

"सणाला येत जा," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि निवडलेली मेथी घेऊन उठल्या.

*

कागदावरचं नाव बदलायला वेळ लागला. सयाजी रोज म्हणायचा, आज हुतंय. ते 'आज' बरेच दिवस चाललं. शेवटी सामान तपासायला बोलावणं आलं तेव्हा इंद्रजितनं बहिणीला गाडीनं न्हावा शेवाला नेलं.

सयाजीचा आवाज फोनवर पहिलवानासारखा. समोर आला तो किडकिडीत, खिशाला तीन पेनं. गोदामात जाता जाता श्रद्धानं त्याला त्याच्या वडलांबद्दल विचारलं. मेंढरांची गोष्ट लालासाहेबांनी सांगितली होती.

"व्हय, खरं हाय. बा नुसता बघायचा," सयाजी म्हणाला. "मला न्हाई जमत ते. मी तीनदा मोजतो आन् तरीबी चुकतं."

आणि चुकलंच. एक खोकं कमी भरलं. बऱ्याच शोधानंतर ते दुसऱ्याच कुणाच्या सोफ्यामागं सापडलं. त्यात मसाल्याचे डबे आणि पोळपाट होतं.

तपासणीला आलेली अधिकारी तरुण होती. तिनं चार खोकी फोडायला लावली, भांडी बघितली, मग लाकडी पेटीपाशी थांबली. पेटी आता उभी होती. गंगाधरपंतांनी फोनवरून इतका पिच्छा पुरवला होता, की सयाजीनं स्वतः हमालांबरोबर तिला हात लावला होता.

"हे घरगुती नाही. धंद्याचं मशीन आहे," अधिकारी म्हणाली.

"हो. गणवेश शिवते मी."

"यावर कर लागेल."

"भरते."

"मूळ कागद मिस्टरांच्या नावानं होते?"

"हो."

"ते येणार आहेत का मागून? म्हणजे त्यांची वेगळी सवलत मागणार का पुन्हा?"

सयाजीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. दोन महिने सगळ्या टेबलांवर त्यानं एकच सांगितलं होतं: सीझन संपला की येणार हायेत, साहेब.

"नाही," श्रद्धा म्हणाली. "ते येणार नाहीत."

अधिकाऱ्यानं मान हलवली, पान उलटलं आणि पुढचं खोकं फोडायला सांगितलं. त्यात उशा होत्या.

बाहेर आल्यावर सयाजी ट्रकवाल्याशी बोलायला गेला. श्रद्धा गोदामाच्या सावलीत उभी राहिली. हे वाक्य तिनं आजवर सासूला, सासऱ्याला, भावाला, कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते कस्टमच्या बाईंना, आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. तिला भूक लागली होती. इंद्रजितनं वडापाव आणले, तिनं दोन खाल्ले.

*

सयाजीचा निरोप: *ट्रक सुटला. डायवर बिराप्पा, जतचा. मानूस चांगला पर फोन उचलत न्हाई.*

बिराप्पानं खरोखर फोन उचलला नाही. खंडाळ्याला चहासाठी थांबल्यावर त्यानं स्वतःच केला. "अक्का, आता घाट लागतो. साताऱ्यात कुठं वळायचं ते सांगा, सांगलीचा पत्ता खोडलाय हितं."

गोडोलीत ट्रक लागला तेव्हा दुकानाच्या पायरीवर गंगाधरपंत बसलेले. सकाळच्या एसटीनं आले होते, न सांगता. सोबत दोरीनं बांधलेल्या लाकडी फळ्या होत्या. एसटीच्या टपावरून आणल्या होत्या आणि त्यावरून कंडक्टरशी भांडलेही होते.

"भिंतीपासून हातभर," ते हमालांना ओरडून सांगत होते. "हातभर म्हणजे माझा हात, तुझा नाही!"

पलंग, कपाट, फ्रिज वर गेले. मशीनं खिडकीपाशी लावली. ओव्हरलॉकचं झाकण काढून श्रद्धानं आत बोट फिरवलं, जुनं तेल पुसलं, नवीन घातलं आणि कापडाचा एक तुकडा सरकवला. आधी दोरा तुटला. दुसऱ्यांदा टाका बरोबर पडला. गंगाधरपंत बाजूला उभं राहून बघत होते. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, ओढून बघितला.

"पक्का आहे," म्हणाले. मग अनसूयाबाईंना फोन लावला. "पोचलं. हो, सगळं. नाही, फुटलं काही नाही. सांगतो तिला."

निरोप असा होता, की खोलीत पहिल्यांदा दूध उतू घालवावं. ते घालवलं.

संध्याकाळच्या एसटीला तिनं त्यांना सोडलं. गाडी लागायला वेळ होता. गंगाधरपंत बाकावर बसून स्टँडवरच्या पाट्या वाचत होते. फलटण, दहिवडी, कराड, सांगली.

"थप्पी छान लावली होतीस गं," ते एकदम म्हणाले. "कंटेनरमधली म्हणतो मी. पहिला फोटो पाठवला होतास ना, दार लावायच्या आधीचा. एवढं सामान, आणि एक इंच जागा वाया नाही. मला वाटलं राजसनं लावली असेल. माझं बघून शिकलाय म्हटलं."

"मी लावली, बाबा. तो ड्यूटीवर होता."

"हां. तू म्हणाली होतीस तसं." सांगलीची गाडी लागली. त्यांनी पिशवी उचलली, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं न बघता चढले.

कंटेनर भरला त्या दिवशी राजसला सुट्टी होती.